तिळगुळातले दोन ळ

हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत शाळेचा, तिच्या शिक्षकांचा आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा इतिहास इतरत्र आलेला आहेच. मी येथे एका अक्षराचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. ते अक्षर म्हणजे ळ. वर्णमालेच्या तक्त्यावर ते अगदी शेवटी, ह च्या नंतर, उभे असते. क ला कमळ मिळते, ग ला गणपती मिळतो. पण ङ, ञ आणि ण यांच्याप्रमाणेच ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. त्यामुळे त्याला बाळाच्या किंवा नळाच्या चित्रात, शब्दाच्या शेवटी जाऊन बसावे लागते.

या अक्षराची निवड करण्यास कारण आहे. न्यू टाउन हे नगर वयाने आपल्या शाळेच्या निम्म्याहूनही लहान. येथे संगणकक्षेत्रातील नोकऱ्यांच्या निमित्ताने येऊन राहिलेल्या मराठी घरांतील मुलांच्या कानांवर दिवसभर बंगाली, हिंदी आणि इंग्रजी पडते. या तिन्ही भाषांच्या प्रमाण रूपांत ळ नाही. घरी आई-आजीच्या तोंडून आणि शाळेत बाईंच्या तोंडून ऐकू येईल तेवढाच काय तो ळ मुलाच्या वाट्याला येतो. साहजिकच 'डोळा' चा 'डोला' होतो, 'शाळे' ची 'शाला' होते, आणि पालकसभेत कोणी ना कोणी काळजीच्या सुरात विचारतो, "बाई, याला ळ कधी येणार?" कोणी याहून पुढे जाऊन विचारतो, की एका अक्षरासाठी एवढा अट्टाहास हवाच कशाला, ल ने भागत नाही का? हा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे.

संस्कृतातील अनेक शब्दांत दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल येतो. फल, काल, मूल, वेला, गल, तिल असे हे शब्द. प्राकृतातून मराठीकडे येताना या एकट्या ल चा ळ झाला, आणि आपल्याला फळ, काळ, मूळ, वेळ, गळा, तीळ मिळाले. परंतु प्राकृतात जेथे ल जोडून, म्हणजे ल्ल असा, उच्चारला जात होता तेथे मराठीने ल तसाच राखला. संस्कृत 'कल्य' चे प्राकृतात 'कल्ल' झाले आणि त्यापासून आपला 'काल' आला. 'वल्ली' पासून 'वेल' आला, 'गल्ल' पासून 'गाल' आला. म्हणून 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ', 'गाल' आणि 'गळा' या जोड्या आज आपल्याकडे शेजारी शेजारी नांदतात. यांतला सर्वांत बोलका पुरावा स्वयंपाकघरात आहे. तिळापासून निघते ते तैल. तिळातला ल एकटा होता, म्हणून तो ळ झाला. 'तैल' चे प्राकृतात 'तेल्ल' झाले, म्हणून तेलातला ल बचावला. तीळ आणि तेल एकाच घरचे. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या उच्चारांत जो बारीकसा फरक होता तो ळ ने आजवर जपून ठेवला आहे. ल ने भागवले असते तर ही नोंद पुसली गेली असती.

आता संक्रांतीचा तिळगूळ घेऊ. या एका शब्दात दोन ळ आहेत आणि त्यांची घराणी निरनिराळी आहेत. तिळाचा ळ ल पासून आला, हे वर सांगितलेच. गुळाचा ळ मात्र ड पासून आला, कारण मूळ शब्द 'गुड'. दोन स्वरांमध्ये सापडलेला ड मऊ होत होत ळ पर्यंत पोहोचला. 'षोडश' चे 'सोळा', 'तडाग' चे 'तळे', 'दाडिमा' चे 'डाळिंब' हे सारे याच वाटेने आले. मराठीने दोन वेगळ्या ओढ्यांचे पाणी एकाच पात्रात घेतले.

बंगालीत हे घडले नाही, आणि त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मकर संक्रांतीच्याच दिवशी आपल्या शेजारच्या बंगाली घरी पौष संक्रांत असते. तेथे तिळाला तिल म्हणतात, आणि गुळाला ज्या अक्षराने लिहितात तो खाली टिंब दिलेला ड. हिवाळ्यात मिठाईच्या दुकानांवर ज्या नलेन गुळाच्या पाट्या लागतात, त्यांवर हे अक्षर वाचता येते. म्हणजे बंगालीने ल आणि ड यांचे दोन ओढे शेवटपर्यंत बहुधा वेगळे ठेवले. ('बहुधा' म्हणावे लागते; सोळाला बंगालीत षोलो आणि डाळिंबाला डालिम म्हणतात, तेथे ड चा ल झालेला आहे. भाषा नियम करते आणि अपवादही स्वतःच करते.) हा टिंबाचा ड बंगाली उच्चारात फार जुना असला, तरी वर्णमालेत त्याला स्वतःची जागा दिली ती ईश्वरचंद्र विद्यासागरांनी, १८५५ सालच्या 'वर्णपरिचय' या बालपुस्तकात. एका अंकलिपीने अक्षराला कायमचे घर मिळवून दिले, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना सुखावणारी आहे.

ड आणि ळ यांचे हे नाते मराठीहून फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ईळे' हे क्रियापद येते. लौकिक संस्कृतात त्याचे रूप 'ईडे'. ऋग्वेदाच्या शाकल शाखेच्या पाठात दोन स्वरांमधला ड हा ळ असा उच्चारला जातो, आणि प्रातिशाख्य या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात तसा नियमही दिलेला आहे. पाणिनीच्या परंपरेतील माहेश्वर सूत्रांत मात्र ळ नाही. लौकिक संस्कृतातून तो गेलाच. आपल्या तक्त्यावर ळ ला ल च्या शेजारी जागा न मिळता ह च्या पलीकडे उभे राहावे लागते, ते यामुळेच. संस्कृतची वर्णमाला आपण जशीच्या तशी घेतली आणि तिच्यात न बसणारे आपले अक्षर शेवटी जोडले. काही जण अभिमानाने म्हणतात, की मराठीचा ळ थेट वेदांतून आला. ते पटण्यासारखे नाही. वेदातील ळ हा ड चा आहे. आपले बहुसंख्य ळ हे ल चे आहेत आणि ते पंडितांनी घडवले नसून बोलणाऱ्या सामान्य माणसांच्या जिभेने घडवले आहेत. मला तर हे वेदांपेक्षा कमी मानाचे वाटत नाही.

या जिभेला महाराष्ट्रात फार जुना पुरावा आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दुसऱ्या शतकातील सातवाहन राजाचे नाव आहे. ते 'पुळुमावि' असे वाचले जाते. ब्राह्मी लिपीत ळ साठी स्वतंत्र चिन्ह होते. ती विस्मृतीत गेलेली ब्राह्मी पुन्हा वाचून दाखवली ती कोलकात्यात, जेम्स प्रिन्सेप यांनी, १८३७ च्या सुमारास. ते एशियाटिक सोसायटीचे चिटणीस होते आणि टांकसाळीत नोकरीला होते. आपल्या गुंफांमधील लेख वाचता येऊ लागले, त्याची किल्ली आपल्या या शहरात घडली.

ळ ही केवळ मराठीची मिरास नाही. गुजरातीत, कोकणीत, राजस्थानीत आणि पंजाबीत तो आहे. दक्षिणेच्या चारही मोठ्या भाषांत आहे. संक्रांतीला कन्नड घरांत 'एळ्ळु-बेल्ल' वाटतात. त्यांत तिळाला ळ आहे आणि गुळाला ल, म्हणजे मराठीच्या तिळगुळातला एकच ळ त्यांच्याकडे सापडतो, आणि तोही वेगळ्याच मुळातून आलेला. 'केरळ' आणि 'मलयाळम' यांतला ळ मल्याळीतही ळ च आहे. पण 'तमिळ' या नावातला शेवटचा वर्ण आपला ळ नव्हे. तो तमिळ आणि मल्याळी यांचा आणखी एक वर्ण आहे आणि त्याच्यासाठी देवनागरीत खाली टिंब दिलेला ऴ योजला आहे. दक्षिणेच्या शेजारामुळे मराठीत ळ रुजला असे काही अभ्यासक मानतात. शेजाराने त्याला बळ दिले असेल. परंतु पंजाबपासून ओडिशापर्यंत तो पसरलेला पाहिला, की केवळ शेजार हे कारण अपुरे वाटते.

नॉर्वेच्या पूर्व भागातील बोलीत असाच एक ध्वनी आहे. तेथील लोक त्याला 'जाड ल' म्हणतात. गंमत अशी, की त्यांचाही जाड ल दोन घराण्यांतून आला आहे. एक जुन्या ल पासून आणि दुसरे र ने सुरू होणाऱ्या एका जोडव्यंजनापासून. आणि तेथेही सुशिक्षितांनी तो दीर्घकाळ गावंढळ मानला.

आपल्या सर्वांत जवळचा ळ ओडिशात आहे. हावड्याहून पुरीला जाणारी गाडी बंगालची हद्द ओलांडते आणि थोड्याच वेळात जळेश्वर स्थानक येते. तेथील फलकावर ओडिया ओळीत ळ आहे, हिंदी ओळीत ल आहे. फळ, जळ, काळ, कमळ हे शब्द ओडियात आपल्यासारखेच ळ ने उच्चारले जातात. मराठ्यांचा अंमल ओडिशावर १७५१ पासून १८०३ पर्यंत होता, त्यामुळे हा ळ आपण तेथे नेला असे कोणास वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. ओडियाचा ळ त्याहून कितीतरी जुना आणि तिचा स्वतःचा आहे. उलट पश्चिमेला जाणाऱ्या मुंबई मेलमध्ये बसले, की भुसावळला हीच जोडी पुन्हा भेटते. तेथे मराठीची ओळ ळ ची आणि हिंदीची ल ची.

ओडियाच्या या ळ ला एकदा कठीण प्रसंगातून जावे लागले. १८७० साली बालेश्वरच्या सरकारी शाळेतील कांतिचंद्र भट्टाचार्य या बंगाली शिक्षकाने ओडिया ही स्वतंत्र भाषा नाही, अशी पुस्तिका लिहिली. ओडिशातील शाळांतून ओडिया काढून बंगाली शिकवावी, अशी मागणी त्या काळी जोर धरत होती. फकीरमोहन सेनापतींसारख्यांनी तिला विरोध केला. बालेश्वरचे जिल्हाधिकारी जॉन बीम्स यांनीही ओडियाचे स्वतंत्र अस्तित्व मांडले. पुढे १८७२ ते १८७९ या काळात बीम्स यांचे आर्यभाषांचे तुलनात्मक व्याकरण तीन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यात मराठी, गुजराती, पंजाबी आणि ओडिया यांच्या ळ चा विचार आहे. शाळेतून एक भाषा काढली असती, तर तिच्याबरोबर तिचा ळ ही एका पिढीत शाळेबाहेर गेला असता. ज्या शिक्षकाने पुस्तिका लिहिली त्याला आपण काही वाईट करीत आहोत असे वाटले नसावे. सोयीचेच करीत आहोत, असे त्याला वाटले असेल.

कोलकात्याचा आणि मराठी ळ चा संबंध याहूनही जुना आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात छापले गेले. (हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, हुगळीच्या काठचे.) १८१० साली त्यांचा मराठी कोश निघाला, तो मोडीच्या ठशांत. नागपूरकडचे वैजनाथ पंडित त्यांचे साहाय्यक होते. या छापखान्याच्या ठशांची घडण पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या बंगाली कारागिरांनी बसवून दिली होती. मराठी छापायची म्हणजे ळ चा ठसा हवाच. ज्यांच्या स्वतःच्या लिपीत हे अक्षर नव्हते, ज्यांच्या भाषेत हा उच्चार नव्हता, त्या कारागिरांच्या परंपरेने आपला ळ धातूत उतरवला. महाराष्ट्रात मराठी ग्रंथ छापू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मी वर 'हुगळी' लिहिले, तेही पाहण्यासारखे आहे. बंगाली माणूस या नदीला हुगली म्हणतो. आपण मात्र नेपाळ, भोपाळ यांच्याबरोबर तिलाही ळ देऊन टाकला. याच्या उलटही होते. १९०६ साली शिवाजी उत्सवासाठी लोकमान्य कोलकात्याला आले. ज्यांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले त्यांच्या लिपीत 'टिळक' हे नाव लिहिण्याची सोयच नव्हती. ते तेथे तिलकच झाले, आणि त्यात कोणाचा अनादर नव्हता.

ही गैरसोय आता संगणकाच्या तक्त्यात स्पष्ट दिसते, आणि आपल्या पालकांपैकी अनेकांना ती रोजच्या कामात तपासून पाहता येईल. युनिकोड या जागतिक सांकेतिक पद्धतीत भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणाच्या धर्तीवर एकमेकींना समांतर केलेली आहे. देवनागरीत ०९३२ या क्रमांकावर ल आहे आणि ०९३३ वर ळ. तक्त्यावर ह च्या मागे उभा राहणारा ळ येथे ल च्या शेजारी आला. ओडियातही ल च्या पुढचे घर ळ चे आहे. बंगालीच्या तक्त्यात ०९बी२ वर ल आहे आणि पुढचे ०९बी३ हे घर रिकामे आहे. ते कोणा दुसऱ्या अक्षराला दिलेले नाही. त्यापुढची दोन घरेही रिकामीच आहेत, आणि त्यांपैकी एक व चे, कारण बंगालीत ब आणि व यांचा उच्चार एक झाला. बंगाली लिपीत ऋग्वेद छापायचा, तर 'ईळे' मधल्या ळ च्या जागी ल किंवा ड योजून वेळ भागवावी लागते.

आता मुलांच्या उच्चाराविषयी. 'डोला' म्हणणाऱ्या मुलाला 'अशुद्ध बोलतोस' असे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. खानदेशात आणि वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या 'डोळा' चा 'डोया' होत आला आहे. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर तो 'डोला' आहे. ते सारे मराठीच बोलतात. शिवाय ज्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदा 'फल' ऐवजी 'फळ' म्हटले, त्या दिवशी संस्कृत जाणणाऱ्याच्या कानाला तोही अशुद्धच वाटला असणार. असे असूनही लेखनातला ळ आम्ही सोडत नाही, कारण तेथे अर्थच बदलतो. 'मूल' आणि 'मूळ', 'माल' आणि 'माळ', 'साल' आणि 'साळ', 'टाल' नसले तरी 'टाळ', हे सारे ल वर भागवले तर वाचणाऱ्याची फसगत होते. मंगळवारच्या मंगळाचे आणि मंगलकार्याच्या मंगलाचे हिंदीत एकच रूप आहे. मराठीने ती दोन केली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली, तीत ळ आहे. पाकळीच्या ल चा आणि देठाच्या श चा आग्रहही त्याच निर्णयातला. पण शासननिर्णयाने अक्षर कागदावर राहते, जिभेवर येत नाही.

जिभेचे काम साधे आहे. ल म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते. तेच टोक मागे वळवून टाळूला लावावे आणि झटकन पुढे सोडावे, म्हणजे ळ होतो. ट, ठ, ड म्हणता येणाऱ्या मुलाला ती जागा ठाऊकच असते, आणि आपल्या बंगाली वातावरणातल्या मुलांना तर टिंबाचा ड रोज म्हणावा लागतो. तो ळ च्या अगदी शेजारचा आहे. पहिलीच्या वर्गात आम्ही 'गुड' चा बंगाली उच्चार आधी करून घेतो आणि मग 'गूळ' म्हणायला लावतो. पुष्कळ मुलांना तो चार-दोन दिवसांत साधतो. ज्यांना साधत नाही त्यांना टोकत नाही. 'काल-काळ', 'वेल-वेळ', 'माल-माळ' अशा जोड्या ऐकवून कोणता शब्द म्हटला ते ओळखायला सांगतो. कान आधी शिकतो, जीभ मागाहून. पालकांनी घरी यातले एवढेच करावे, की मुलाशी मराठीत बोलताना 'वेळ झाली', 'डोळे मीट', 'खेळायला जा' ही रोजची वाक्ये हिंदीवर सोडू नयेत. आणि जानेवारीत तिळगूळ वाटताना शेजारच्या काकीमांनाही द्यावा. त्यांच्या घरचे तिलाचे लाडू येतील, तेव्हा त्यांच्या गुळाचा ड आणि आपल्या गुळाचा ळ मुलांना एकाच दिवशी ऐकता येईल.